'स्टेबल' म्हणजे बरा नव्हे

"पेशंट स्टेबल आहे." हे वाक्य आपल्यापैकी प्रत्येकाने कधी ना कधी ऐकलेलं आहे. मुंबईत असताना इंग्रजीत ऐकलं, इस्रायलमध्ये आल्यावर हिब्रूत 'यात्सीव' म्हणून ऐकलं. ऐकलं की आपण हुश्श करतो, देवाचे आभार मानतो आणि लगेच चार ठिकाणी फोन लावतो, "काळजी करू नका, स्टेबल आहे." मी जन्मभर नर्सचं काम केलं, काही वर्षं तिकडे आणि बाकीची इकडे. या एका शब्दाने नातेवाईकांचा जेवढा गैरसमज होतो, तेवढा दुसऱ्या कुठल्या शब्दाने होताना मी पाहिला नाही. आपण आता अशा वयाला आलो आहोत की हा शब्द कधी जोडीदाराबद्दल, कधी भावंडाबद्दल आणि कधी खुद्द आपल्याबद्दल कानावर पडणार. म्हणून तो एकदा नीट समजून घेऊ या.

शब्दाचं मूळ

'स्टेबल' हा इंग्रजी शब्द लॅटिन भाषेतून आला. त्याच्या मुळाचा अर्थ 'उभं राहणं'. स्टेशन, स्टेट, स्टॅच्यू हे सगळे त्याच घराण्यातले. आपला संस्कृत 'स्था' धातू याच घराण्याचा दूरचा भाऊबंद आहे. त्यावरून स्थिर, स्थान, स्थिती हे शब्द झाले. आमच्या ठाण्याच्या मंडळींना सांगायला हरकत नाही की 'ठाणं' हा शब्दसुद्धा 'स्थान' यावरूनच आला.

इंग्रजीत घोड्यांच्या पागेलाही 'स्टेबल' म्हणतात. तोही शब्द त्याच मुळाचा, म्हणजे जनावरं उभी राहण्याची जागा. लॅटिनमधला हा पागेचा शब्द पुढे अरबीत गेला आणि तिथून हिंदीत आला. हिंदी सिनेमात ठाकूरसाहेबांचं 'अस्तबल' असतं ना, ते हेच.

हिब्रू 'यात्सीव' या शब्दाची मुळाक्षरंही उभं राहण्याचीच आहेत. हा शब्द आपल्याला नवीन नाही. सकाळच्या तेफिल्यात शमा म्हणून झाल्यावर लगेच 'एमेत वेयात्सीव' येतं, म्हणजे खरं आणि अढळ. लहानपणापासून सिनेगॉगमध्ये जो शब्द म्हटला, तोच आता हॉस्पिटलच्या दारात ऐकू येतो.

तीन भाषा आणि तिन्हींत कल्पना एकच, उभं असलेलं आणि न पडलेलं. पण माणूस उभा आहे एवढं कळलं, तरी तो कुठे उभा आहे हे कळत नाही. सपाट अंगणात उभा आहे की विहिरीच्या काठावर? 'स्टेबल' हा शब्द ते सांगत नाही. सगळा घोटाळा इथेच होतो.

रोजच्या बोलण्यातलं 'स्टेबल'

हॉस्पिटलच्या बाहेर हा शब्द बहुतेक चांगल्या अर्थानेच येतो. मुलीसाठी स्थळ बघताना आपण विचारायचो, मुलाची नोकरी स्टेबल आहे ना? टेबल स्टेबल आहे म्हणजे डुगडुगत नाही. सरकार स्टेबल आहे म्हणजे मुदत पुरी करील. (इथे 2019 ते 2022 या काळात आपण पाच वेळा मतदान केलं, तेव्हा हा शब्द किती महागडा आहे ते सगळ्यांना कळलं.) स्वभावाने स्टेबल म्हणजे उगाच भडकत नाही, खचत नाही.

औषधांच्या बाबतीत 'स्टेबल' म्हणजे औषधाचा गुण टिकून राहतो. बंद इन्शुलिन फ्रीजमध्ये ठेवायचं असतं. वापरायला काढलेलं बहुतेक इन्शुलिन बाहेर साधारण 28 दिवस टिकतं, पण ते साध्या हवामानात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीत किंवा खिडकीच्या कठड्यावर ठेवलेलं इन्शुलिन टिकत नाही. पाकिटावर जो आकडा लिहिलेला असतो तो पाळावा.

या सगळ्या ठिकाणी 'स्टेबल' म्हणजे भरवशाचं, चांगलं. तीच सवय घेऊन आपण हॉस्पिटलात जातो आणि तिथे फसतो.

हॉस्पिटलातलं 'स्टेबल'

डॉक्टर किंवा नर्स 'स्टेबल' म्हणते तेव्हा ती साधारणपणे पाच गोष्टींकडे बघत असते: ताप, नाडी, श्वास, ब्लडप्रेशर आणि रक्तातला ऑक्सिजन. या गोष्टी गेल्या काही तासांत फारशा बदललेल्या नाहीत, एवढाच त्या शब्दाचा अर्थ. मराठीत याला 'जैसे थे' हा अगदी नेमका शब्द आहे. सकाळी जसा होता तसाच संध्याकाळी आहे. चांगला होता तर चांगला, वाईट होता तर वाईट.

आपल्या भाषेत आजारी माणसाबद्दल किती वेगवेगळं बोलतात ते आठवा. 'दुखण्याला उतार पडला' म्हणजे सुधारणा सुरू झाली. 'धोक्याबाहेर आहे' म्हणजे जिवाची भीती टळली. 'बरा झाला' म्हणजे दुखणं गेलं. 'स्टेबल' म्हणजे यांतलं एकही नव्हे. पण आपण ऐकतो 'स्टेबल' आणि पुढे सांगतो 'धोक्याबाहेर'. दोन फोन झाले की तेच 'बरा आहे' होऊन जातं.

इथल्या बातम्यांत जखमी माणसाची अवस्था चार पायऱ्यांत सांगतात. 'काल' म्हणजे किरकोळ, 'बेनोनी' म्हणजे मध्यम, 'काशे' म्हणजे गंभीर आणि 'आनूश' म्हणजे अत्यवस्थ. माणूस कुठे उभा आहे ते या शब्दांवरून कळतं. 'यात्सीव' ही त्यांतली पायरी नाही. माणूस त्याच पायरीवर आहे, वरखाली झालेला नाही, एवढंच तो सांगतो. म्हणून 'काशे आख यात्सीव', म्हणजे गंभीर पण स्थिर, असं म्हणता येतं. ऐकणाऱ्याने पहिल्या शब्दाकडे लक्ष द्यायचं असतं. आपण धरून बसतो दुसरा.

अमेरिकेतल्या हॉस्पिटलांच्या संघटनेने तर आपल्या सभासदांना सल्ला दिला आहे की बाहेरच्यांना पेशंटची अवस्था सांगताना 'स्टेबल' हा शब्द वापरू नये, आणि 'क्रिटिकल बट स्टेबल' असं जोडून तर मुळीच म्हणू नये. कारण उघड आहे. जो अत्यवस्थ आहे तो कुठल्या घटकेला ढासळेल याचा नेम नसतो, त्याला स्थिर कसं म्हणायचं? तरी हा शब्द सगळीकडे चालतो, कारण तो लहान आहे आणि ऐकणाऱ्याला बरं वाटतं.

एका शब्दाने काय होतं

आमच्या नात्यातल्या एका बाईंचे थोरले भाऊ मुंबईत हॉस्पिटलात होते. न्यूमोनिया झाला होता, वय ऐंशीच्या पुढे. बाई इथे. रोज रात्री पुतण्याला फोन करायच्या आणि पुतण्या सांगायचा, "आत्या, डॉक्टर म्हणाले स्टेबल आहेत." बाईंनी तिकिटाची चौकशी करून ठेवली होती. पण पेसाख तोंडावर आलेला, घरात सगळं काम पडलेलं. त्यांनी ठरवलं, स्टेबल आहे तर सण झाल्यावर जाते. चौथ्या दिवशी भाऊ गेले. मग कळलं की दुसऱ्या दिवसापासूनच ते व्हेंटिलेटरवर होते आणि ब्लडप्रेशर टिकवायला दोन औषधं सलाईनमधून चालू होती.

पुतण्या खोटं बोलला नाही. डॉक्टरही खोटं बोलले नाहीत. आकडे खरोखरच स्थिर होते. पण ते मशीन आणि औषधं यांच्या जोरावर स्थिर होते. बाईंना कोणी तेवढं एक वाक्य जास्त सांगितलं असतं, तर त्या भावाचा हात हातात घेऊन बसल्या असत्या. आजही त्या म्हणतात, "मला स्टेबल सांगितलं होतं."

आपले पूर्वज कोकणात तेलाचा घाणा चालवत. घाण्याचा बैल दिवसभर चालतो आणि संध्याकाळी बघावं तर तिथेच. लांबून बघणाऱ्याला वाटतं, काही हललं नाही. जवळ गेल्यावर कळतं की त्याला फेस आला आहे. पुष्कळदा 'स्टेबल' पेशंटची स्थिती तशी असते. आकडा एका जागी ठेवण्यासाठी शरीर आणि औषधं किती झिजत आहेत, ते आकडा सांगत नाही.

तीन प्रश्न विचारा

म्हणून कोणी 'स्टेबल' किंवा 'यात्सीव' म्हटलं की तिथेच थांबू नका. नम्रपणे तीन प्रश्न विचारा.

पहिला प्रश्न: कशाच्या मानाने स्टेबल? कालच्या मानाने, की निरोगी माणसाच्या मानाने? एखाद्याचं क्रिएटिनिन तीन वर्षं 1.6 वर आहे. डॉक्टर म्हणतात, किडनी स्टेबल आहे. म्हणजे किडनी चांगली आहे असं नव्हे. ती कमजोर आहे, पण अधिक बिघडलेली नाही. उलट दुसऱ्या कोणाचं 0.8 वरून 1.2 वर गेलं, तर कागदावर ते कदाचित नॉर्मलच्या हद्दीत दिसेल, पण ते दीडपट वाढलेलं आहे. म्हणून जुने रिपोर्ट फेकू नयेत. आपल्या आकड्याची तुलना शेजाऱ्याच्या आकड्याशी नाही, आपल्याच मागच्या आकड्याशी करायची.

दुसरा प्रश्न: कधीपासून स्टेबल? एक तास स्टेबल आणि तीन दिवस स्टेबल यांत फार फरक आहे. नाडी सकाळी 84, दुपारी 91, रात्री 98 असेल तर प्रत्येक आकडा सुटा बघितला तर नॉर्मल आहे, पण चाल चढती आहे. चांगली नर्स एका आकड्याकडे बघत नाही, ओळीने बघते. तुम्हीसुद्धा घरच्या ब्लडप्रेशरची वही ठेवा. तारीख, वेळ, आकडा. पाच मिनिटं शांत बसून मग मोजा.

तिसरा प्रश्न: कशाच्या आधारावर स्टेबल? हा सगळ्यांत महत्त्वाचा. समजा, पेशंटचा ऑक्सिजन काल 94 टक्के होता, आजही 94 आहे. आकडा स्टेबल. पण काल त्यासाठी मिनिटाला दोन लिटर ऑक्सिजन लागत होता आणि आज आठ लिटर लागतो आहे. मग तो पेशंट स्टेबल नाही, घसरतो आहे. उलट आज आधाराशिवाय 94 असेल तर उतार पडला म्हणायचं. मशीन चालू आहे का, ब्लडप्रेशरचं औषध सलाईनमधून चालू आहे का, आणि कालच्यापेक्षा ते कमी केलं की वाढवलं, एवढं विचारलं की चित्र स्वच्छ होतं.

क्लिनिकमध्ये ऐकू येणारं 'स्टेबल'

कुपात होलिमच्या डॉक्टरांकडे हाच शब्द वेगवेगळ्या आजारांत वेगवेगळ्या अर्थाने येतो. त्यांतले काही माहीत असलेले बरे.

छातीचं दुखणं. 'स्टेबल अँजायना' म्हणजे जिना चढताना, जोराने चालताना, नेहमीच्याच श्रमाला छातीत दुखतं आणि थांबलं किंवा जिभेखाली औषध घेतलं की काही मिनिटांत थांबतं. दुखण्याची रीत ठरलेली आहे, म्हणून स्टेबल. आजार मात्र हृदयाचाच आहे. ही रीत बदलली तर तो स्टेबल राहिला नाही. बसल्याजागी दुखू लागलं, कमी श्रमाला दुखू लागलं, वारंवार येऊ लागलं, जास्त वेळ राहू लागलं, किंवा घाम फुटला आणि दम लागला, तर 'माझं जुनंच आहे, स्टेबल आहे' म्हणून झोपून राहू नका. ताबडतोब 101 ला फोन करा. बायकांना आणि डायबेटिसवाल्यांना कधी कधी छातीत दुखतच नाही, नुसता दम लागतो, मळमळतं किंवा एकदम गळून गेल्यासारखं होतं. त्यांनी जास्त सावध राहावं.

कॅन्सर. स्कॅनच्या रिपोर्टात 'स्टेबल डिसीज' असं येतं. ते वाचून कोणी पेढे वाटतो, कोणी रडत बसतो, 'एवढी किमो घेऊन काहीच फरक नाही?' दोन्ही घाईचं. डॉक्टर गाठींची मापं घेऊन त्यांची बेरीज करतात. सर्वसाधारण नियम असा की बेरीज 30 टक्के किंवा अधिक कमी झाली तर उपचाराचा गुण आला म्हणतात, आणि 20 टक्के किंवा अधिक वाढली तर आजार वाढला म्हणतात. मधलं सगळं 'स्टेबल'. म्हणजे गाठ थोडी लहान झाली तरी स्टेबल आणि किंचित मोठी झाली तरी स्टेबल. पुष्कळ कॅन्सरांत आजाराला जागच्या जागी थोपवून धरणं हेही औषधाचं यशच असतं. म्हणून रिपोर्टवरचा शब्द वाचून मनाशी अंदाज बांधू नका, डॉक्टरांना विचारा.

मणक्याचं फ्रॅक्चर. हाडं ठिसूळ झाली की साध्या धक्क्यानेही मणका दबतो. 'फ्रॅक्चर स्टेबल आहे' याचा अर्थ हाड जागचं सरकलेलं नाही आणि सरकण्याची भीती कमी आहे. दुखणार नाही असा अर्थ नाही. कित्येक आठवडे दुखतं. घरच्यांनी 'डॉक्टर तर स्टेबल म्हणाले, मग कण्हता कशाला' असं आईला म्हणू नये.

रक्त पातळ करण्याचं औषध. कुमाडिन घेणाऱ्यांचा रक्ताचा एक आकडा सारखा तपासतात. पुष्कळ जणांसाठी तो 2 ते 3 च्या दरम्यान हवा असतो. इथे 'स्टेबल' म्हणजे खरोखरच चांगलं, पण ते आपल्या हातात असतं. पालक, कोबी, मेथी अशा हिरव्या भाज्यांनी या औषधाचा जोर कमी होतो. म्हणून भाजी सोडायची नाही, पण एक आठवडा अजिबात नाही आणि दुसऱ्या आठवड्यात रोज वाडगाभर, असंही करायचं नाही. रोजचं खाणं सारखं ठेवायचं. आणि नवीन कुठलीही गोळी, अँटिबायोटिकसुद्धा, डॉक्टरांना सांगून घ्यायची.

पायांवरची स्थिरता

शब्दाचा मूळ अर्थ उभं राहणं, तेव्हा खऱ्याखुऱ्या उभं राहण्याबद्दलही दोन शब्द. बसून घेतलेलं ब्लडप्रेशर स्टेबल असलं तरी उठल्याबरोबर ते खाली येऊ शकतं. उभं राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा 20 ने किंवा खालचा 10 ने उतरला तर डॉक्टर त्याची दखल घेतात. रात्री बाथरूमला जाताना चक्कर येऊन पडतात ती बरीच माणसं याच कारणाने. तेव्हा पलंगावर आधी उठून बसा, पाय खाली सोडून दोन मिनिटं थांबा, मग कशाला तरी धरून उठा. चक्कर येत असेल तर पुढच्या वेळी नर्सला सांगा, 'उभं करूनही मोजा.' ब्लडप्रेशरच्या, झोपेच्या आणि लघवीच्या गोळ्यांनी असं होऊ शकतं. डोस बदलता येतो, पण गोळी आपल्या मनाने बंद करायची नाही.

फोनवर काय सांगावं

आपली कुटुंबं आता विखुरलेली आहेत. एक भाऊ ठाण्यात, एक बहीण अश्दोदला, मुलगा तिसऱ्याच देशात. लांबच्या माणसाला फोनवरच्या एका शब्दावर ठरवायचं असतं, निघायचं की थांबायचं. त्याला नुसतं 'स्टेबल' सांगू नका. असं सांगा: "गंभीर आहेत. कालपासून मशीनवर आहेत. औषधं वाढवलेली नाहीत. शुद्धीवर आहेत, ओळखतात. डॉक्टर अजून धोक्याबाहेर म्हणत नाहीत." पाच छोटी वाक्यं. ऐकणाऱ्याला त्रास होईल खरा, पण ठरवायला आधार मिळेल. 'त्यांना उगाच काळजी नको' म्हणून लपवलेली गोष्ट पुढे फार महाग पडते.

डॉक्टरांना सरळ विचारायला संकोच वाटतो, तर असं विचारावं, "तुमचे वडील असते तर तुम्ही परदेशातल्या भावाला आज बोलावलं असतं का?" या प्रश्नाला बहुतेक डॉक्टर प्रामाणिक उत्तर देतात.

विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. इस्रायलमध्ये 1996 साली रुग्णांच्या हक्कांचा कायदा झाला. आपल्या आजाराची माहिती मिळण्याचा, दुसऱ्या डॉक्टरचं मत घेण्याचा आणि आपल्या कागदपत्रांची प्रत मागण्याचा हक्क त्यात आहे. मात्र ती माहिती पेशंटची असते. त्याच्या संमतीशिवाय दुसऱ्याला सांगत नाहीत. म्हणून दाखल होतानाच सांगून ठेवा की माझ्या अमुक मुलीला किंवा भाच्याला सगळं सांगायला माझी हरकत नाही. हिब्रू पटकन समजत नसेल तर समजणाऱ्याला बरोबर न्या, किंवा नर्सला म्हणा, 'हळू सांगा, लिहून द्या.' हिब्रूत नर्सला 'अखोत' म्हणतात, म्हणजे बहीण. आपणही तिकडे सिस्टरच म्हणत होतो. बहिणीला दोनदा विचारायला लाज कसली?

'स्टेबल' हा शब्द वाईट नाही. कधी कधी तीच त्या दिवसाची सगळ्यांत चांगली बातमी असते. पुढे काय होणार ते दुसऱ्या दिवशी कळतं, आणि मध्ये मिळालेला वेळ भेटायला, बोलायला, उपचार बदलून बघायला उपयोगी पडतो. फक्त त्याला 'बरा आहे' समजून झोपी जाऊ नये. आपल्या लोकांत आजारी माणसाला कोणी 'स्टेबल राहा' असा आशीर्वाद देत नाही. आपण म्हणतो 'रेफुआ श्लेमा', संपूर्ण बरे व्हा. तेच मागायचं, आणि ते मिळेपर्यंत प्रश्न विचारत राहायचं.